ऊसतोडीला निघताना कुत्र्याच्या गळ्यात दोरी नको. ट्रॉलीतल्या प्रवासात ‘या’ गोष्टी पाळा

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, तिकडं पाथर्डी. उचल घेतलेल्या जोड्या मुकादमाच्या निरोपाची वाट बघत असतात. ट्रॅक्टर दारात आला की भांडीकुंडी, बाजरीची पोती, कोपीचे बांबू, ताडपत्री, शेळ्या, कोंबड्या असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो. पोरं वर बसतात. सगळ्यात शेवटी खाली घुटमळणाऱ्या कुत्र्याला कुणीतरी उचलून वर घेतं, गळ्यात दोरी अडकवतं आणि हाताला येईल त्या बांबूला बांधून टाकतं.

गाडीतच घर थाटून कुत्र्यासह देश फिरणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर खूप दिसतात. कॅम्पर व्हॅन म्हणतात त्या गाडीला. ऊसतोड मजुरांना चाकावरचा संसार नवा नाही. फरक एवढाच, की त्या गाडीत कुत्र्यासाठी पट्टा, पिंजरा, पाण्याचं भांडं असं सगळं ठरवून केलेलं असतं. ट्रॉलीत त्याची जागा सामान भरून उरेल ती.

कुत्रा न्यायचा तो हौसेसाठी नाही. जोडपं पहाटेच फडात जातं, कधी रात्री गाडी भरायला उठावं लागतं. कोपीत झोपलेलं लेकरू, चार भांडी, दोन शेळ्या यांच्याजवळ थांबणारा तोच असतो. अनोळखी माणूस, साप, रानडुक्कर, सगळ्यांची खबर आधी तो देतो. म्हणून त्याला धडधाकट पोचवणं कुटुंबाच्याच कामाचं आहे. त्यासाठी पैसा फार लागत नाही, पण तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते.

गळ्यातली दोरीच घात करते

दोरी बांधतात ती कुत्रा पडू नये म्हणून. पण दोरी लांब असली आणि गळ्यात सरकता फास असला, तर ट्रॉलीबाहेर गेलेला कुत्रा जमिनीवर पडत नाही, फाळक्याला लटकतो. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. इंजिनाचा आवाज, वर टेप मोठ्यानं लावलेला, त्यात पोरांची ओरड त्याच्यापर्यंत जात नाही. गाडी थांबेपर्यंत उशीर झालेला असतो.

कुत्रा बाहेर जायला फार काही लागत नाही. गावातून जाताना रस्त्यावरची कुत्री भुंकली की तो झेप घेतो. खड्ड्यात चाक आदळलं, वळणावर सामान कलंडलं, घाटात अचानक ब्रेक लागला, तरी तोल जातो. ताशी ३० किलोमीटरनं चाललेली गाडी एकदम थांबली तर आतली मोकळी वस्तू साडेतीन मीटर, म्हणजे अकरा-बारा फुटांवरून पडल्याइतक्या जोरानं आदळते. ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून काही होत नाही, हा समज खरा नाही.

त्यामुळं कुत्र्याला बांधायचं जरूर, पण गळ्याला नाही, छातीला. आणि लांब दोरीनं नाही, आखूड दोरीनं.

नवारीचा छातीपट्टा

छातीचा तयार पट्टा शहरातल्या दुकानात ‘हार्नेस’ नावानं मिळतो. घरीही करता येतो. बाजेची जुनी, पण न विरलेली नवार घ्यायची. दोन-तीन बोटं रुंदीचा कुठलाही मजबूत सुती पट्टा चालतो. एक वेढा मानेच्या बुडाला सैल, दुसरा पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती. हे दोन वेढे वर पाठीवर एका पट्टीनं जोडायचे आणि खाली दोन पायांच्या मधून दुसऱ्या पट्टीनं. बॅगा किंवा चपला शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्यानं शिवून घ्यावं. पाठीवर जिथं पट्टी येते, तिथं एक लोखंडी कडी बसवायची. प्रवासात दोरी बांधायची ती या कडीला.

पट्टा किती घट्ट हवा? अंग आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत, पण मागं ओढल्यावर डोकं बाहेर निघता कामा नये. बगलेत काचतो का तेही बघावं. पट्टा निघायच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ घालावा, म्हणजे कुत्रा बुजत नाही आणि कुरतडतही नाही.

दोरी जाड सुती असावी. बारीक नायलॉन कातडीत रुततो. लांबी इतकीच, की कुत्र्याला उठता, बसता, वळता आणि आडवं होता यावं. मग एक चाचणी घ्यायची: कुत्र्याला चारी बाजूंच्या फाळक्यांकडं नेऊन बघा. पुढचे पाय फाळक्यावर ठेवता येत असतील तर दोरी लांब आहे. गाठ एका ओढीत सुटणारी मारावी, आणि ती कुठं आहे ते ट्रॉलीतल्या दोघा मोठ्या माणसांना तरी ठाऊक असावं.

बसवायचं कुठं?

पहिली गोष्ट माणसांची. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते. तिच्यात माणसं बसवणं नियमात बसत नाही आणि जिवालाही धोका असतो. सामान ट्रॉलीत आणि माणसं प्रवासी गाडीत, अशी सोय मुकादमाकडून होत असेल तर तीच धरावी आणि कुत्राही आपल्या माणसांबरोबर घ्यावा. पण हंगामात संसार आणि माणसं एकाच ट्रॉलीतून जाताना दिसतात, म्हणून कुत्र्याचं तिथलंही सांगणं भाग आहे.

कुत्र्याची जागा ट्रॉलीच्या तळाला, पुढच्या फाळक्याजवळ. रचलेल्या सामानाच्या वर कधीच नाही. वर तोल राहत नाही, शिवाय रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा आणि फांद्या असतात. खाली पाचट किंवा गोणपाट अंथरावं, नुसत्या पत्र्यावर नखं घसरतात. अंगावर कलंडेल असं पोतं, पेटी, बांबू शेजारी नको. कोयते गोणपाटात गुंडाळून दुसऱ्या कडेला ठेवावेत. शेळ्या-कोंबड्यांच्या आणि त्याच्या मध्ये आडोसा करावा.

ताडपत्री पूर्ण आवळून त्याच्या खाली कुत्रा ठेवू नये. हवा कोंडते आणि धूर आत साचतो. दोन बाजू उघड्या असाव्यात. पिकअप किंवा छोटा हत्तीसारखी गाडी वरून बंद असेल तरी हेच.

ट्रॅक्टरवर किंवा केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायाजवळ कुत्रा मुळीच नको. तो ब्रेकच्या पायट्याखाली गेला तर सगळी टोळीच संकटात येते. दुचाकीवर पुढं बसवून लांब नेणं किंवा गाडीमागं दोरीनं पळवणं हेही करू नये.

लहान लेकरं आणि कुत्रा एकमेकांना बिलगून झोपतात, गावात ते चालतं. प्रवासात भेदरलेला कुत्रा घरच्या पोरालाही चावू शकतो. दोघांच्या मध्ये मोठं माणूस बसावं.

लस महिनाभर आधी

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस असो वा कुत्रा, वाचणं जवळजवळ अशक्य. कारखान्यावर अनेक गावांच्या टोळ्या एका माळावर उतरतात, त्यांची कुत्री एकत्र येतात, लेकरं त्यांच्यातच खेळतात. लस नसलेला एक कुत्रा सगळ्या तळाला धोका ठरतो.

पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस देतात. पुढं डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस आणि दर वर्षी एक. पहिल्या लशीची ताकद अंगात यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे ट्रॅक्टर दारात आल्यावर लस टोचून त्या प्रवासात उपयोग नाही. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास ठिकठिकाणी लसीकरण शिबिरं होतात आणि ती वेळ ऊसतोडीला जाणाऱ्यांना सोयीची पडते. शिबिर नसेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. त्याच खेपेला जंताचं औषध आणि गोचिडांचं औषध घ्यावं. पिल्लांना पार्व्हो आणि डिस्टेंपरची लसही लागते.

लशीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. कागद पावसात भिजतो, फोटो राहतो. कुत्र्याचाही चांगला फोटो ठेवा, हरवला तर दाखवता येतो. गळ्यातल्या पट्ट्यावर पक्क्या शाईनं मोबाईल नंबर लिहा. गळ्यातला पट्टा ओळखीसाठी आणि छातीचा पट्टा बांधण्यासाठी, हे दोन वेगळे ठेवायचे.

खाणं, पाणी आणि थांबे

बीडकडून मांजरसुंबा, येडशी, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज असं कोल्हापूरकडं जायचं तर अंतर तीनशे किलोमीटरच्या वर जातं. भरलेला ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसनं चालतो. थांबे धरले तर रात्र-दिवस मोडतो.

निघण्याआधी तीन-चार तास थोडी भाकरी द्यावी, पोटभर नाही. भरल्या पोटी गाडीत उलटी होते. लाळ गळणं, सारखी जांभई, ओठ चाटत राहणं ही मळमळीची खूण. कधीच गाडीत न बसलेल्या कुत्र्याला आधी दोन-चार वेळा ट्रॅक्टरनं शेतापर्यंत नेऊन आणावं, म्हणजे सवय होते. उलटी होऊ नये म्हणून किंवा गप पडावा म्हणून माणसाची गोळी देऊ नका. तापाची किंवा अंगदुखीची माणसाची गोळी तर कुत्र्याला विषासारखी ठरू शकते. औषध द्यायचंच तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून.

केंद्र सरकारच्या १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा भाग आहे. प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी, मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा आणि पिल्लाला चार तासांतून एकदा खाणं, असं त्यात म्हटलंय. प्रवासाला योग्य असल्याचा आणि रेबीजसारख्या रोगाची लक्षणं नसल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही बरोबर ठेवायचा असतो. लस टोचतानाच तो कधी आणि कसा मिळेल ते विचारून घ्यावं. उघड्या ट्रॉलीत ऊन-वारा लागतो, म्हणून सहा तासांची वाट न बघता दोन-तीन तासांनी पाणी दाखवावं आणि पाय मोकळे करू द्यावेत. त्याच्यासाठी पाच लिटरचा एक कॅन आणि एक वाडगं वेगळं बांधून घ्यावं.

थांब्यावरच कुत्री सर्वात जास्त हरवतात. ढाब्यावर गाडी थांबते, फाळका उघडतो, कुत्रा उडी मारतो आणि हायवेवर धावतो. म्हणून नियम एकच: आधी दोरी, मग फाळका. एकानं दोरी हातात धरायची, मग दुसऱ्यानं फाळका उघडायचा. उतरवायचं रस्त्याच्या बाजूला नाही, रानाच्या बाजूला. परत चढवून बांधल्याशिवाय ड्रायव्हरला ‘चल’ म्हणायचं नाही. माणसं मोजता तसा कुत्राही मोजा.

परतीचं ऊन जास्त घातक

जाताना ऑक्टोबरचा तडाखा असतो, पण पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परत येताना ऊन खरं भाजतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग गार करतो. त्याच्या अंगाची उष्णता निरोगी असताना १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते. ती १०४ च्या वर गेली की धोका, १०६ च्या पुढं जीव जाऊ शकतो.

परतीचा प्रवास शक्यतो संध्याकाळी सुरू करून सकाळी ऊन चढायच्या आत थांबवावा. पत्र्यावर हाताचा मागचा भाग टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे पायही भाजतात. खाली ओलं गोणपाट आणि वर सावली हवी. जीप किंवा पिकअपच्या बंद केबिनमध्ये कुत्रा ठेवून चहाला जाऊ नका. उन्हात उभ्या बंद गाडीतली उष्णता दहा मिनिटांत दहा अंश सेल्सियसनं वाढू शकते. काच बोटभर खाली असली तरी फार फरक पडत नाही.

धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, पाय लटपटतात, उलटी होते, ही ऊन लागल्याची लक्षणं. लगेच सावलीत घ्या, सगळ्या अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्धीत असेल तर घोटघोट पाणी पिऊ द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. आधी अंग गार करायचं आणि मग दवाखाना गाठायचा.

अपघात झाला तर

कुत्रा फाळक्याला लटकला तर दोरी कापायच्या आधी खालून त्याचं अंग उचलून धरा, म्हणजे गळ्यावरचा ताण जातो. मग गाठ सोडा किंवा दोरी कापा. त्यासाठी एक छोटा सुरा हाताशी असावा.

जखमी कुत्रा मालकालाही चावतो, कारण त्याला वेदना होत असतात. श्वास नीट चालत असेल आणि उलटी होत नसेल तर कापडाच्या पट्टीनं तोंडाला सैलसर मुसकी बांधा. चादरीच्या झोळीत किंवा फळीवर आडवा घालून न्या. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा. १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठीचा टोल फ्री क्रमांक आहे. त्यावर फोन करून जवळ मदत कुठं मिळेल ते विचारता येतं.

प्रवासात कुणाला कुत्रा चावला, मग तो घरचा का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठून रेबीजची लस सुरू करायची. पुढचे डोस कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात घेता येतात, कार्ड तेवढं सांभाळा. चावलेल्या कुत्र्याला मारू नका आणि वाटेत सोडूनही देऊ नका. त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं असतं. त्या दहा दिवसांत तो आजारी पडला किंवा मेला तर लगेच डॉक्टरांना कळवा. मात्र ‘दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ’ असं कधीच करायचं नाही.

पोचल्यावर पहिले आठ दिवस

नव्या जागी सोडलेला कुत्रा जुन्या घराच्या शोधात निघतो. पहिले आठ दिवस त्याला कोपीजवळ बांधून ठेवावं, त्याच जागी खायला द्यावं आणि फिरवायचं तर दोरीनंच. ओळख झाली की मग मोकळं सोडावं. दुसऱ्या टोळ्यांच्या कुत्र्यांशी भांडणं याच दिवसांत होतात.

जुन्नर, शिरूर, संगमनेर, कराड या भागांत उसात बिबट्यांचा वावर आहे, आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. तिथं रात्री कुत्रा कोपीपासून लांब, अंधारात बांधून ठेवला तर तो राखण करत नाही, बिबट्याला दाराशी आणतो. रात्री त्याला आतल्या बाजूला घ्यावं आणि उरलंसुरलं अन्न कोपीजवळ टाकू नये.

न्यायचा की ठेवायचा?

प्रत्येक कुत्रा नेलाच पाहिजे असं नाही. म्हातारा, आजारी, गाभण किंवा दोन महिन्यांच्या आतली पिल्लं असलेली कुत्री हा प्रवास सोसत नाही. गावात म्हातारी माणसं मागं राहतात, त्यांच्यापाशी ठेवावी. सोबत खाण्याची तजवीज करावी आणि तिची लसही चुकवू नये. अचानक चिडलेला, लाळ गाळणारा, पाणी गिळता न येणारा कुत्रा मात्र ट्रॉलीत घ्यायचाच नाही. त्याच्याजवळही जायचं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं.

जागा नाही म्हणून वाटेत कुत्रा उतरवून देणं, किंवा हंगाम संपल्यावर कारखान्याच्या माळावर सोडून येणं, हे काही ठिकाणी होतं. पोटाची सोय न करता जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. त्रास होईल अशा रीतीनं जनावराची वाहतूक करणंही त्याच कलमात येतं. आणि असे सोडलेले, लस नसलेले कुत्रे पुढच्या हंगामात त्याच माळावर दुसऱ्या टोळीच्या लेकरांना भेटतात.

ट्रॉली हलण्याआधी एवढं बघा

– लस टोचून महिना झालाय का? कार्डाचा आणि कुत्र्याचा फोटो मोबाईलमध्ये आहे का?
– पशुवैद्यकाचा दाखला बरोबर घेतला का?
– दोरी छातीपट्ट्याच्या कडीला बांधलीय ना? गळ्याला नाही ना?
– पुढचे पाय फाळक्यावर पोचत नाहीत ना?
– खाली गोणपाट, वर सावली आणि दोन्ही बाजूंनी हवा आहे का?
– पाण्याचा कॅन, वाडगं आणि सुरा हाताशी आहे का?
– थांब्यावर दोरी कोण धरणार, हे ठरलंय का?

हे बघायला पाच मिनिटं लागतात. मुकादम कितीही घाई करो, ही पाच मिनिटं घ्याच.